काकांचं इंजिन आणि दोन बेअरिंग

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. मंगळवार, रात्रीचे साडेनऊ. अमेरिकेतल्या मंडळींशी नेहमीचा कॉल चालू होता. मी म्यूटवर, पुढ्यात पिठलं-भात. तेवढ्यात फोनवर नाव झळकलं, "काका चिंचवड".

या काकांचा फोन मला सहा-सात वर्षांनी येत होता. म्हणजे मीही केला नव्हता. उचलला.

"अरे, कसा आहेस? जेवलास का? बरं ऐक, नातू सातवीत गेलाय. विमान उडवायचं म्हणतोय. तुझ्याकडे ते आपलं फोर्टी-सिक्स आहे ना? एखाद्या रविवारी घेऊन ये. त्याला खरं इंजिन दाखवू जरा."

"हो काका, आणतो ना!"

त्यानंतरची दहा मिनिटं कॉलमध्ये मी काय काय कबूल केलं ते बुधवारी सकाळी मेल आल्यावर कळलं. असो.

काका म्हणजे आमच्या चिंचवडच्या जुन्या सोसायटीतले, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावरचे. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची अख्खी नोकरी गेली, आणि उरलेला वेळ मॉडेल विमानांत. २०१७ साली मला पहिली नोकरी लागली. शनिवार-रविवारचं काय करायचं हे कळत नव्हतं, तेव्हा त्यांनी मला उडवायला शिकवलं. दोन वर्षं दर रविवारी पहाटे सहाला त्यांच्या गाडीच्या डिकीत विमान टाकून आम्ही गावाबाहेरच्या माळावर जायचो. माझं विमान मी बांधलं. इंजिन त्यांनी दिलं. "वापर. झालं की दे परत." मुदत वगैरे काही नव्हती.

२०१९ च्या फेब्रुवारीत मी ते शेवटचं उडवलं. मग नोकरी बदलली, बाणेरला राहायला आलो, लग्न झालं, २०२० साली सगळं जगच घरात बसलं. इंजिन बुटांच्या खोक्यात, खोकं माळ्यावर. आणि काकांना फोन करायचं मनात यायचं तेव्हा हे खोकं आठवायचं, आणि मग वाटायचं, बघू पुढच्या आठवड्यात.

कॉल संपल्यावर खोकं खाली काढलं. प्रॉपेलर बोटानं फिरवला.

कचकच... कचकच.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे इंजिन मुठीत मावेल एवढं असतं. फोर्टी-सिक्स म्हणजे ०.४६ घनइंच, आपल्या भाषेत साडेसात सीसी. पण ताकद साधारण दीड हॉर्सपॉवर, आणि विमानावर सहज मिनिटाला दहा-बारा हजार फेरे. बारा हजार धरले तर सेकंदाला दोनशे! यात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. ग्लो प्लग असतो, त्यात प्लॅटिनमयुक्त तारेची एक छोटी गुंडाळी. सुरू करताना तिला बॅटरीनं लाल करायचं. मग बॅटरी काढून घेतली तरी मिथेनॉलच्या संगतीनं ती लालच राहते आणि इंजिन चालत राहतं. इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन, आणि पाचव्या हिश्शाच्या आसपास तेल. तेल इंधनातच असतं, कारण या टू-स्ट्रोकला वेगळी ऑइलची टाकी नाही. आणि हे तेल कुठलं, तर बऱ्याचदा एरंडेल! लहानपणी नाक दाबून आपल्याला पाजलं जायचं तेच. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांतही एरंडेलच असायचं आणि त्याचा धूर पोटात गेल्यामुळे वैमानिकांची काय अवस्था व्हायची याचे किस्से प्रसिद्ध आहेत. ते तुम्ही कल्पनेनंच समजून घ्या.

तर एवढ्या वेगात फिरणारा हा क्रँकशाफ्ट दोन बॉल बेअरिंगवर तोललेला असतो. एक पुढे, प्रॉपेलरजवळ, छोटं. एक मागे, क्रँककेसच्या आत, मोठं. कचकच तिथूनच येत होती.

आता माझ्यापुढे तीन पर्याय होते. एक, तसंच नेऊन द्यायचं, काहीच न बोलता. दोन, ऑनलाइन तशाच आकाराचं दुसरं इंजिन मागवायचं आणि तेच हे म्हणून द्यायचं. (काकांनी त्याच्या पायावर पंचनं एक टिंब मारून ठेवलंय हे नंतर आठवलं, तेव्हा हा पर्याय बाद.) तीन, उघडायचं.

पहिला पर्याय सोपा होता, पण त्यात धोका होता. गंजलेल्या बेअरिंगवर इंजिन जोरात चालवलं की आतला पिंजरा, म्हणजे गोळ्यांना एकमेकींपासून लांब ठेवणारी पत्र्याची कडी, कधीतरी तुटते. तुकडे पिस्टन आणि लायनरमध्ये जातात आणि मग दुरुस्त करायला काही उरतच नाही. आणि हे होणार कधी, तर काकांचा नातू पहिल्यांदा थ्रॉटल पुढे करेल तेव्हा.

म्हणून तिसरा.

शनिवारी सकाळी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. आधी कार्ब्युरेटर काढला, मग मागची बॅकप्लेट, मग वरचं हेड. एरंडेल वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचा डिंक होतो. स्क्रू असे चिकटले होते की ॲलन कीच वाकेल असं वाटलं. हेअर ड्रायरनं गरम केल्यावर सुटले. प्रत्येक भाग काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. पिस्टनचं तोंड कुठल्या बाजूला, कनेक्टिंग रॉडची कुठली बाजू पुढे, सगळं. आपल्याकडे कोड बदलायच्या आधी कमिट करतात, तसं. फरक एवढाच की इथे फोटो असले तरी मागे जाता येतंच असं नाही.

प्रॉपेलरच्या मागची जाड चकती ओढून काढली आणि तिच्याखालची अर्धचंद्राच्या आकाराची चिमुकली चावी टुण्णकन उडाली. ती शोधण्यात पाऊण तास. फ्रिजखाली, लोहचुंबकाला दोरा बांधून. त्या निमित्तानं फ्रिजखालून दोन रुपयांची तीन नाणी आणि बायकोचं एक हरवलेलं कानातलंही निघालं, त्यामुळे घरातलं वातावरण माझ्या बाजूनं झालं. ते पुढे कामाला येणार होतं.

क्रँकशाफ्ट बाहेर काढायला प्रॉपेलरचा नट त्याच्या टोकावर परत चढवला, म्हणजे आटे खराब होत नाहीत. वर लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला शाफ्ट मागून बाहेर आला आणि मागचं बेअरिंग दिसलं.

चॉकलेटी. गोळ्यांवर गंजाचे ठिपके, आणि त्या जिच्यावरून फिरतात त्या कडीवर बरोबर गोळ्यांच्या अंतराअंतरावर डाग. म्हणजे गोळ्या जिथे थांबल्या होत्या तिथेच, वर्षानुवर्षं, एकाच जागी बसून गंजल्या होत्या.

ते डाग बघून मला फेब्रुवारीतला तो रविवार लख्ख आठवला. काकांचा एक नियम होता. शेवटचं उड्डाण झालं की इंधनाची नळी चिमटीत दाबायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे आतलं मिथेनॉल जळून जातं. मग कार्ब्युरेटरमधून आणि ग्लो प्लगच्या भोकातून तेलाचे चार-चार थेंब, आणि प्रॉपेलर हातानं दहा-बारा वेळा फिरवायचा. कारण मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जळतानाही पाणी तयार होतं, आणि नायट्रोमिथेन जळून उरलेले आम्लाचे अंश त्या पाण्यात उतरतात. पोलादाला गंजायला आणखी काय हवं? त्या दिवशी मला साडेअकराला कुठेतरी पोचायचं होतं. काका म्हणाले, "तेल घातलंस?" मी म्हणालो, "घरी जाऊन घालतो."

माझा आपला समज असा होता की यंत्रं वापरून झिजतात. झिजतातच. पण हे इंजिन आम्ही दोन वर्षं दर रविवारी पिदडलं, त्यानं त्याला काही झालं नव्हतं. चालू असताना तेलाचा ताजा थर सतत मिळत होता. त्याला मारलं ते पडून राहण्यानं आणि "घरी जाऊन घालतो"नं.

बेअरिंग तर काढायला हवीच. ती क्रँककेसमध्ये घट्ट बसवलेली असतात, ओढून येत नाहीत. इथे भौतिकशास्त्र मदतीला येतं. क्रँककेस ॲल्युमिनियमची, बेअरिंग पोलादाचं, आणि तापवलं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. मागच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास २८ मिलिमीटर. पंचवीस अंशांवरून दीडशेपर्यंत तापवलं तर क्रँककेसचं भोक साधारण ८० मायक्रॉननं मोठं होतं आणि बेअरिंग ४२ मायक्रॉननं. फरक ३८ मायक्रॉन. माणसाच्या केसाच्या निम्मा म्हणा. तेवढ्यावर काम होतं.

दीडशे अंश म्हणजे ओव्हन.

"ह्यात मी केक करते," बायको म्हणाली.

"साबणाच्या पाण्यात उकळून धुतलंय अगं."

"मग वास कसला येतोय?"

"एरंडेलाचा."

यावर ती फक्त कानातल्याकडे हात नेऊन म्हणाली, "आजचा दिवस." तेवढं पुरेसं होतं.

वीस मिनिटांनी जाड हातमोजे घालून क्रँककेस बाहेर काढली आणि मागची बाजू खाली करून लाकडी पाटावर जोरात आपटली. एकदा. दुसऱ्यांदा ठप्पकन बेअरिंग पाटावर! पुढचं आतून लाकडाच्या दांडक्यानं ढकलल्यावर निघालं. त्या क्षणाचा आनंद प्रॉडक्शनमधला बग सापडल्यासारखाच होता, फक्त याला वजन होतं आणि चटकाही बसत होता.

आता नवीन आणायची. भोसरीला एमआयडीसीच्या बाजूला बेअरिंगचं एक दुकान गाठलं. छतापर्यंत रॅक, त्यात छोटी छोटी खोकी.

"बोला."

"मॉडेल विमानाच्या इंजिनाचं बेअरिंग हवंय."

"विमानाचं नाही मिळत. नंबर बोला."

नंबर! ही गोष्ट मला फार आवडली. बेअरिंग कुठल्या यंत्राचं याच्याशी दुकानदाराला देणंघेणं नसतं. मागच्यावर कोरलं होतं ६९०२. म्हणजे ६९ ही जात, आणि शेवटचे ०२ म्हणजे आतलं भोक १५ मिलिमीटर. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचनं गुणायचं. हे ज्यानं ठरवलं त्याच्या कोडचा रिव्ह्यू कुणी केला असेल असं वाटत नाही, पण जगभर चालतंय. पुढचं ६०७, भोक ७ मिलिमीटर, बाहेरून १९, जाडी ६. तुमच्या लहानपणीच्या स्केट्सच्या चाकात असायचं ते ६०८, याचा थोरला भाऊ.

"सील पाहिजे का उघडं?"

मागचं उघडं, कारण त्याला तेल इंधनातून मिळतं. पुढच्याला बाहेरच्या बाजूला रबरी सील हवं, म्हणजे धूळ आत जात नाही आणि इंधन बाहेर फेकलं जात नाही. त्यांच्याकडे दोन्ही बाजूंना सील असलेलं होतं. "आतल्या बाजूचं सुईनं काढून टाका," दुकानदार म्हणाले. मग विचारलं, "किती आरपीएम?" मी बारा हजार सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि सी-थ्री लिहिलेलं खोकं काढलं. सी-थ्री म्हणजे गोळ्यांना आत थोडी जास्त मोकळीक, गरम झाल्यावर जखडू नये म्हणून. दोन्ही मिळून एका पिझ्झापेक्षा कमी पैशांत काम झालं.

दुसऱ्या शनिवारी जोडणी. रात्रभर बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमशेजारी. क्रँककेस ओव्हनमध्ये. (बायको माहेरी. मुहूर्त बघूनच ठरवलं होतं.) आता हिशेब माझ्या बाजूनं होता. भोक ८० मायक्रॉननं मोठं, बेअरिंग आणखी बारा-तेरा मायक्रॉननं लहान. नुसतं वरून सोडलं की आत पडायला हवं.

पडलं नाही. चिमट्यात धरून मी अंदाज घेत बसलो, तीन-चार सेकंदच असतील, आणि ते जरा तिरकं टेकलं. टेकल्याबरोबर त्यानं क्रँककेसची उष्णता खाल्ली आणि अर्ध्यात अडकलं. माझ्या पोटात गोळा. हात आपोआप हातोडीकडे गेला, आणि काकांचं वाक्य आठवलं, "बेरिंगला मारायचं नाही. मारलंस तर गोळीचा डाग उठतो, तो डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येतो." क्रँककेसमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर द्यायचा, शाफ्टवर चढवताना फक्त आतल्या कडीवर. जोर गोळ्यांमधून गेला की नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी जुनं.

हातोडी ठेवली. सगळं परत ओव्हनमध्ये. त्याच ३८ मायक्रॉनच्या कृपेनं ते परत बाहेर पडलं. पुन्हा फ्रीझर, पुन्हा ओव्हन. या वेळी बेअरिंग आधीच शाफ्टवर चढवलं आणि शाफ्टच क्रँककेसमध्ये सरळ सोडला. टक्. असा एक छोटासा आवाज आला, डबीचं झाकण बसावं तसा. लगेच पुढचंही तसंच बसलं, सील बाहेरच्या बाजूला.

गार झाल्यावर तेलाचे थेंब सोडले आणि शाफ्ट बोटानं फिरवला. आवाजच नाही. दोन-तीनदा कानाशी धरून फिरवला. काहीच नाही. कितीतरी वेळ मी नुसता तो फिरवत बसलो होतो.

गेल्या रविवारी सकाळी चिंचवडला गेलो. काकूंनी दार उघडलं, "अरे, किती बारीक झालास!" (मी आठ किलोनं वाढलोय.) काका आतून आले. केस पूर्ण पांढरे, चाल जरा सावकाश. डाव्या कानात मशीन. ते मला माहीत नव्हतं.

बोलायचं काय ते मी हिंजवडीच्या सिग्नलपासून पाठ करत आलो होतो. आधी माफी, मग कारण, मग बिल दाखवायचं. पण मी खोकं उघडलं आणि काकांनी इंजिन उचलून, मी तोंड उघडायच्या आत, शाफ्ट दोन बोटांत धरून फिरवला. कानाशी नेला नाही. नुसतं बोटानं.

"बेरिंग बदललंस."

"हो काका."

"मागचंच का दोन्ही?"

"दोन्ही."

"पुढच्याचं सील?"

"बाहेरच्या बाजूला."

"हं." परत एकदा फिरवला. "त्या दिवशी तेल घातलं नव्हतंस ना घरी जाऊन?"

मी म्हणालो, "नाही. आणि म्हणून फोनही करत नव्हतो."

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. रागावले असावेत असं वाटलं, आणि थोडे रागावले होतेच. मग म्हणाले, "अरे, बेरिंग काय, बाजारात मिळतं. मला वाटलं आमच्याकडूनच काही बोलण्यात कमीजास्त झालं." काकू दारातूनच म्हणाल्या, "दर दिवाळीला म्हणायचे, त्या पोराचा फोन नाही आला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाठ केलेल्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. काकूंनी पोह्यांची बशी हातात दिली ते बरं झालं.

पोहे झाल्यावर काकांनी नातवाला हाक मारली. तो मोबाइलवरून मान वर करून आला. काकांनी इंजिन त्याच्या हातात दिलं, पिचकारीसारखं तोंड असलेला तेलाचा डबा दिला, आणि कार्ब्युरेटर दाखवून म्हणाले, "इथे चार थेंब. मोजून." मग माझ्याकडे बघून, "तू बघ रे, बरोबर घालतोय का."

पोरानं मोजून चार थेंब घातले. मी मोजले. चारच होते.

येत्या रविवारी पहाटे सहाला माळावर जायचं ठरलंय. विमानाच्या पंखावरचा प्लॅस्टिकचा कागद सुटलाय, तो शनिवारी रात्रीपर्यंत इस्त्रीनं चिकटवायचाय. इस्त्री कुणाची वापरायची, हे अजून घरात बोललेलो नाही.